गुरम्माक्का आधी पिन काढतात

सात रस्त्याजवळ झेरॉक्सच्या दुकानाला खेटून एक पत्र्याची टपरी आहे. पाटीवर ‘महेश्वर इलेक्ट्रिकल्स’. आत स्टुलावर महेश्वर बसलेले असतात आणि खाली पोत्यावर, कुणाचा तरी मिक्सर मांडीवर घेऊन, त्यांची बायको गुरम्मा. नवं गिऱ्हाईक अर्थातच महेश्वरांपुढे वस्तू धरतं. ते डाव्या हाताने खाली दाखवतात.

“पाटी माझी. काम तिचं.”

“अन् तोंड कुणाचं?” खालून विचारणा होते. “सगळ्या वस्तूंची पिन सापडते बगा. ह्या एका रेडिओची तेवढी सापडत न्हाय.”

चौदा वर्षांपूर्वी मी तिथे पहिल्यांदा गेले ती इस्त्री घेऊन. इस्त्री चटका देत होती. “तुमी काय काय करून बगितलं, वैनी?” असं त्यांनी विचारल्यावर मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की चालू इस्त्रीला टेस्टर लावून पाहिला, शेवटी मी फिजिक्सची बी.एस्सी. गुरम्माक्कांनी मान वर करून मला नीट पाहून घेतलं.

“शिकल्याल्या दिसताय,” एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून आमचं जमलं. मीही त्यांना सगळ्यांसारखं गुरम्माक्का म्हणू लागले, आणि वस्तू बिघडलेली नसतानाही सात रस्त्याला गेले की दहा मिनिटं टेकू लागले.

त्या मैंदर्गीच्या. घरात कानडी, शाळा चौथीपर्यंत, सतराव्या वर्षी लग्न होऊन सोलापुरात. महेश्वर यंत्रमागांच्या कारखान्यांतून वायरिंगची कामं करायचे आणि गुरम्माक्का त्यातल्याच एका कारखान्यात कांड्या भरायच्या, म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातल्या लहानशा रिळांवर सूत गुंडाळायच्या. एके दुपारी महेश्वर मेन बंद करून फ्यूज बांधत होते. माग का थांबलाय, म्हणून कुणीतरी पलीकडून मेन ओढून चालू केला. जीव वाचला. उजव्या हाताची बोटं मात्र वळायची थांबली, ती कायमची.

अकरा महिने ते घरी बसून होते. मग त्या कारखान्याचे मालक नरसय्या स्वतः घरी आले. चार माग बंद पडले होते. “तू फक्त बोल,” म्हणाले, “हात कुणाचा तरी लावू.” हात लावायला कुणी धजेना, तेव्हा गुरम्माक्का पदर खोचून उठल्या.

“सहा महिने मी ह्यांचा हात होते,” त्या सांगतात. “हे म्हणायचे लाल धर, मी लाल धरायची. मग एक दिवस ह्यांनी सांगायच्या आदीच हात चालला. त्या दिशी हे रुसले. जेवलेच न्हाईत.”

“खोटं. जेवलो होतो,” वरून महेश्वर म्हणतात. “शेंगाचटणी कमी वाढली होतीस, म्हणून तोंड वाकडं होतं.”

अपघाताच्या त्या दुपारनंतर गुरम्माक्कांनी एक नियम धरला. काहीही थांबलं, धुमसलं, वेगळा आवाज करू लागलं, की आधी पिन काढायची. विचार नंतर. त्यांच्या भाषेत प्लगही पिन, बॅटरीचा जोडही पिन, बटणाची खोबणीही पिन. आणि पिन काढली, की दुसरा शब्द: “तडी.” कानडीत तडी म्हणजे थांब. गिऱ्हाईक म्हणतं, “लावा की पटकन, बघू चालतंय का.” त्या म्हणतात, “तडी.” आणि मीटरच्या दोन काड्या घेऊन एकेक वायर तपासत बसतात. घाईतली माणसं दुसरीकडे जातात. बरीचशी परत येतात.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे माझी लेक वैदेही.

वैदेही बी.सी.ए. झाली आणि ड्रोनच्या नादी लागली. लग्नात वर जाऊन फोटो काढतो तो ड्रोन नव्हे. हा तळहाताएवढा. डोळ्यांना चष्म्यासारखी पेटी लावायची, ड्रोनच्या नाकावरचा बारका कॅमेरा जे पाहतो ते त्यात दिसतं, आणि आपणच आत बसल्यासारखं उडवायचं. दोन वर्षं तिने हे स्वतःचं स्वतः शिकलं. आमचा जिना, गच्ची, शेजारच्यांची बंद पडलेली गिरणी, कुठेकुठे म्हणून तिने तो घुसवला नाही. तिच्या बाबांचं, म्हणजे आशिषचं, एकच म्हणणं असायचं, “हे कुणी नोकरी म्हणून करतं का?”

करतं, असं कळलं. पुण्यातल्या एका चित्रीकरण करणाऱ्या मंडळींना उडवायला शिकाऊ माणूस हवा होता. अट एकच: छपराखाली, चालत्या यंत्रांमधून किंवा माणसांमधून, न तोडता सलग किमान दीड मिनिटाचं उड्डाण करून त्याचं चित्रीकरण सोमवारी दुपारपर्यंत पाठवायचं. चष्म्यात दिसणारं चित्र धुरकट असतं, ते चालणार नव्हतं. त्यासाठी वर वेगळा, चांगला कॅमेरा हवा. वैदेहीने असा एक वापरलेला कॅमेरा मिळवला, वजन वाचावं म्हणून त्याचं कवच आणि त्याची स्वतःची बॅटरी काढून टाकली, आणि उघड्या कॅमेऱ्याला ड्रोनच्याच बॅटरीतून वीज दिली.

तो चालू व्हायचा, दिवा लागायचा, आणि ड्रोनने जरा जोर धरला की मरायचा. दर वेळी. मंगळवार झाला, बुधवार उजाडला.

“आई, मला नाही समजत. व्हिडिओत दाखवलंय तसंच जोडलंय मी.” डोळे भरून आले होते तिचे. मी तिला सात रस्त्याला घेऊन गेले.

गुरम्माक्कांनी ड्रोन हातात घेतला, उलटा केला, वास घेतला. वास त्या नेहमी घेतात. मग स्टुलावरून महेश्वरांना उठवून स्टुलाला तो सुतळीने घट्ट बांधला. कॅमेऱ्याच्या वायरींना मीटर लावला आणि वैदेहीला म्हणाल्या, “लांबून जोर दे बगू.”

पंखे घोंगावले. मीटरवर पाच होतं ते सव्वाचारवर आलं आणि कॅमेरा विझला.

“ही पट्टी बग,” त्या म्हणाल्या. “हितनं रिमोटचं ऐकणारा जेवतोय, चष्म्याला चित्र धाडणारा जेवतोय. दोघांच्या ताटात तिसरा बसवलास. अन् तिसरा लई खादाड हाय. पंगतीत ओढाताण झाली की उपाशी कोण उठणार?”

“कॅमेरा,” वैदेही म्हणाली.

“व्हय की. त्याला येगळं ताट मांडू.”

वेगळं ताट म्हणजे नखाएवढा एक रेग्युलेटर. बॅटरीचे बारा व्होल्ट थेट त्यात जाणार, पाच होऊन बाहेर पडणार आणि ते फक्त कॅमेऱ्याला मिळणार. गुरम्माक्कांनी तो जोडला. वैदेहीने वायरी अगदी मोजून-मापून ताणलेल्या होत्या. त्या त्यांनी काढल्या आणि बोटभर जास्त लांब ठेवल्या. “ताणलेलं सूत धोट्याच्या पहिल्या ठोक्याला तुटतंय. वायर बी तसंच. जरा ढील ठेवावी.” मग ती ढिली वायर आणि रेग्युलेटर ड्रोनच्या एका हाताला शिवणाच्या दोऱ्याने बांधून टाकलं. स्टुलावर पुन्हा जोर देऊन पाहिला. मीटरचा पाच हलला नाही. वैदेहीने टपरीतच उडी मारली आणि झेरॉक्सवाला काय झालं म्हणून बघायला आला.

जागाही गुरम्माक्कांनीच सुचवली. नरसय्यांचा तोच कारखाना, घरामागचे आठ माग. मुलं दुसऱ्या कामाला लागली, आता नरसय्यांच्याने होत नव्हतं. शनिवारी सकाळी माग भंगारात जायचे होते. शुक्रवारी दुपारी ते शेवटचे चालणार होते. वैदेहीला चालती यंत्रं हवी होती, आणि ती मिळायची एकच दुपार उरली होती.

शुक्रवारी आम्ही चौघं गेलो. महेश्वरांनी टपरी बंद ठेवली होती. आत शिरताच त्यांनी मेनच्या बोर्डाकडे एकदा पाहिलं आणि पाठ करून बसले.

आठ माग एकदम चालू असताना माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. वैदेहीने चष्मा लावला, कॅमेऱ्याचं बटण दाबलं. खिडकीतून ड्रोन आत आला, पहिल्या मागावरून खाली उतरला, धावत्या धोट्याच्या बरोबरीने तिरका गेला, दोन रांगांच्या मधून, विणकरांच्या कोपरांजवळून, छतावरच्या कापसाच्या जाळ्या हलवत, मागच्या दाराने अंगणात आणि पुन्हा आत. मला एवढंच दिसत होतं, की माझी मुलगी जागची हललेली नाही आणि तिचे अंगठे फुलपाखरासारखे हलताहेत. शेवटी कोपऱ्यात रचलेल्या टॉवेलांच्या थप्पीवर तिने तो उतरवला. ठरल्याप्रमाणे नरसय्यांनी हात केला आणि माग एकेक करून थांबले.

टॉवेलाच्या कडेची दशी एका पंख्याने ओढून घेतली होती. पंखा अडकला होता, मोटर घुंऽऽ करत होती, बाकीचे तीन पंखे फिरतच होते. आनंदाच्या भरात वैदेही रिमोटवरचा मोटरी बंद करायचा खटकाच विसरली. चष्मा कपाळावर, रिमोट काखेत, आणि धावत जाऊन तिने बोट पुढे केलं ते त्या चार पंख्यांच्या मधोमध असलेल्या कॅमेऱ्याच्या बटणाकडे. चित्रीकरण आधी थांबवायचं, मग वीज काढायची, नाहीतर ते साठवलंच जात नाही. हे तिच्या हाडात भिनलेलं. टॉवेलांतून धुराची बारीक रेघ निघाली होती. ती तिला दिसली नाही.

गुरम्माक्कांना दिसली. त्यांच्याही हाडात एक गोष्ट भिनलेली होती. तिच्या बोटाच्या आधी त्यांचा हात गेला आणि त्यांनी बॅटरीची पिन खसकन उपटली.

कॅमेऱ्याचा दिवा विझला.

“मावशी!” वैदेही किंचाळली. “रेकॉर्डिंग चालू होतं! गेलं सगळं! तुम्हाला यातलं कळत नाही, तर हात कशाला लावता?”

माग थांबलेले, तिचा शब्द न् शब्द शेडभर ऐकू गेला. महेश्वर उठून उभे राहिले. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी काही बोलणार, तोच गुरम्माक्कांनी माझ्याकडे न बघताच हाताने गप्प केलं. थप्पीवरचे दोन टॉवेल बाजूला केले, काळा पडलेला एक बोटभर डाग चुरगळून विझवला, आणि ड्रोन उचलून खिडकीशी उजेडात गेल्या.

वैदेही रडत होती. मग काहीतरी आठवून तिने पिशवीतून दुसरी बॅटरी काढली. “कॅमेऱ्याला परत वीज दिली की तो अर्धवट फाईल कधीकधी स्वतः सांधतो. कार्ड लॅपटॉपला लावून उपयोग नाही, त्याच कॅमेऱ्यात व्हायला लागतं. द्या, मावशी. लावू दे मला लगेच.”

“तडी.”

“अहो, एक सेकंदाचं काम आहे!”

“तडी म्हटलं की, पोरी.”

ड्रोन त्यांनी पोटाशी धरला होता. बॅटरी हातात घेऊन वैदेही समोर उभी, आणि या बाई पिशवीतून मीटर काढताहेत, काड्यांची टोकं पदराला पुसताहेत. मला वाटलं, ही आता ड्रोन हिसकावणार. हिसकावला नाही, एवढं मात्र तिच्या बाजूने सांगते.

एक वायर, दुसरी वायर, तिसरी. मग मीटर किरकिरला. गुरम्माक्कांनी पुन्हा काड्या टेकवल्या. पुन्हा किरकिरला.

“हितं ये. बग.”

अडकलेल्या मोटरच्या वायरी तापून त्यांच्या शेजारी बांधलेली वायर वितळली होती. रेग्युलेटरमध्ये जाणारी बारा व्होल्टची तार आणि बाहेर पडणारी पाचची, दोन्ही उघड्या पडून, पिन निघाल्यावर एकमेकींना चिकटल्या होत्या.

वैदेहीने हातातल्या बॅटरीकडे पाहिलं. “म्हणजे मी आत्ता ही लावली असती, तर…”

“बारा सरळ कॅमेऱ्यात. कॅमेरा जळला असता, अन् त्याच्या पोटातलं सगळं बी.” त्यांनी शिवणाच्या दोऱ्याच्या गाठीवर बोट ठेवलं. “अन् ही चूक माजी हाय. ढील दिली ती बरूबर, पन ती मोटरच्या अंगाला बांदायला नको होती. मागाला मोटर लांब असती. हितं जवळ हाय, हे ध्यानात आलं न्हाय.”

“वय झालं तुझं,” महेश्वर म्हणाले. त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

“तुमी बसा खाली. कुनी विचारलं न्हाय.”

रेग्युलेटर त्यांनी कापूनच टाकला. नरसय्यांच्या बोर्डावर सोल्डरिंगची इस्त्री तापत लावली, माझ्याकडून मोबाइलची पॉवर बँक आणि चार्जरची वायर मागून घेतली. चार्जरचे पाच म्हणजे कॅमेऱ्याचेच पाच. वायर कापली, दोन तारा सोलल्या. वैदेही म्हणाली, “लाल प्लस ना?” “रंग लबाड असतोय,” म्हणत त्यांनी आधी मीटर लावला, आणि खरोखरच त्या स्वस्तातल्या वायरीत पांढरी प्लस निघाली. मग दोन सांधे, दोन्ही ओढून पाहिले, चिकटपट्टी लावली आणि पॉवर बँक वैदेहीच्या हातात दिली.

“आता लाव.”

दिवा लागला. स्थिर नाही, लुकलुकत राहिला. “सांधतोय,” वैदेही पुटपुटली. आम्ही सगळे, नरसय्या आणि त्यांचे दोन विणकरसुद्धा, त्या मोहरीएवढ्या दिव्याभोवती वाकून उभे होतो. चहा आला तो कुणी घेतला नाही. दिवा लुकलुकला, लुकलुकला, मग एकदम थांबला. वैदेहीने या खेपेला बटणाने रीतसर बंद केला, वायर काढली, कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं.

एक मिनिट एकेचाळीस सेकंद. थप्पीवर उतरायच्या जरा आधी ते तुटत होतं. बाकी सगळं होतं: धोटा, विणकरांचे कोपर, अंगणातलं ऊन, आणि पुन्हा आत. नरसय्यांनी ते तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना ते तेलुगूत स्वतःशीच काहीतरी मोजत होते. मागून कळलं, मागांची नावं घेत होते.

वैदेहीने ते त्याच संध्याकाळी पाठवलं. सोबत लिहिलं, की उतरताना वीज तुटली म्हणून शेवट नाही. नवव्या दिवशी पुण्याहून फोन आला. या महिन्याच्या अखेरीला ये, म्हणाले. तिने फोन ठेवल्यावर आशिषने विचारलं, “नोकरी म्हणूनच ना?” आणि स्वतःच हसला.

पेढे घेऊन आम्ही मायलेकी सात रस्त्याला गेलो. गुरम्माक्का एका टेबलफॅनच्या पोटात शिरल्या होत्या. “तडी,” म्हणाल्या. आम्ही थांबलो. पंखा फिरला, बंद झाला, पिन निघाली. मग त्यांनी हात पुसून पेढा घेतला, अर्धा महेश्वरांच्या तोंडात कोंबला.

वैदेही त्यांच्यासमोर पोत्यावरच बसली. नऊ दिवस तिने हे मनात घोळवलं होतं, मला माहीत होतं.

“मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले…”

“काय बोललीस?”

“ते… पिन काढल्यावर.”

“काय की बाई,” गुरम्माक्का म्हणाल्या. “मागांचा आवाज लई होता. मला काय ऐकूच आलं न्हाय.”

माग तेव्हा थांबलेले होते. हे तिला माहीत, मला माहीत, आणि महेश्वरांनाही, कारण ते एकदम रस्त्यावरची रहदारी पाहू लागले. या बाईचे माझ्यावर किती उपकार आहेत याचा हिशेब मी कधी केला नाही. मुलीची बोटं, तिचं काम, आणि हे एक वाक्य. त्यातलं हे वाक्य मला सगळ्यात मोठं वाटतं.

वैदेहीने मान खाली घातली. गुरम्माक्कांनी तिला रडायला वेळ दिला नाही.

“पुन्यात वायर कोन जोडून देनार तुला? मी? ऊठ. ती सोल्डरची इस्त्री घे.”

जायला बारा दिवस होते. वैदेही रोज सकाळी दहाला टपरीवर जायची. पहिल्या दिवशी तिने सात सांधे केले. गुरम्माक्कांनी सातही बोटाने ओढून तोडले. एकाला “ही शेवई झाली,” दुसऱ्याला “हा पापड,” असं म्हणत. आठवा त्यांनी ओढला, आणखी जोरात ओढला, मग चष्मा लावून महेश्वरांच्या डोळ्यांपुढे धरला. महेश्वरांनी डाव्या हाताच्या चिमटीत धरून स्वतः एकदा ओढून पाहिला, आणि तो तुटला नाही.